पांढऱ्या भिंतीपुढचं डोकं

मला डोकं नाही, हे मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. वडिलांनी सांगितलं, गणिताच्या बाईंनी सांगितलं, आणि लग्न झाल्यापासून तर घरातच सोय झाली. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण सरकारने तेच कळवावं, आणि तेही लेखी? सकाळी चहाचा कप हातात, चष्मा कपाळावर, आणि मोबाईलवर पासपोर्ट ऑफिसचा निरोप: "आपण जोडलेल्या छायाचित्रात डोक्याची बाह्यरेषा आढळली नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे." मी चष्मा खाली ओढून तो पुन्हा वाचला. मग कप ठेवला आणि हाताने डोकं चाचपून पाहिलं. होतं.

"अगं," मी हिला हाक मारली, "सरकार म्हणतंय माझं डोकं सापडत नाही."

"मी रोज बघते," ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "आहे ते. तुम्ही आधी चहा प्या."

ही थट्टेची वेळ नव्हती. आमची एकुलती एक लेक परदेशात, दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. तिकडे जायला व्हिसाची भानगड नाही, नुसता पासपोर्ट पुरतो. दोघांची शनिवारची तिकिटं काढून ठेवलेली. हिचा नवा पासपोर्ट मुकाट्याने घरी आला होता. माझा जुना संपलेला आणि नवा असा अडकलेला. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, आई आली की मला सूचना मिळतात. धीर तुम्ही आलात की येतो. तुम्ही हवेच." आता ज्या माणसाला आयुष्यात कुणी "तुम्ही हवेच" म्हटलं नाही, त्याला हे वाक्य किती चढतं ते मी सांगायला नको. मी तिला शब्द दिला होता. आणि आता माझं डोकं सरकारदरबारी हरवलं होतं.

ऑफिसला दांडी मारून मी पासपोर्टच्या खिडकीवर गेलो. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चेहरा असा, की जन्मल्यापासून त्या याच खिडकीत असाव्यात. मी माझी तक्रार सांगितली आणि पुराव्यादाखल काचेजवळ डोकं नेलं.

"मागे व्हा," त्या म्हणाल्या. "फोटो मशीन तपासतं. डोक्याच्या कडेने रेघ काढतं, उंची-रुंदी मोजतं. रेघ बसली नाही तर अर्ज बाद."

"पण डोकं तर समोर आहे."

"माझ्या समोर आहे. मशीनच्या समोर फोटो आहे."

"मग उंची-रुंदीचं प्रमाण किती लागतं ते तरी सांगा."

"ते आम्हाला सांगत नाहीत."

"मागच्या पासपोर्टाला याच डोक्याचा फोटो चालला होता हो."

बाईंनी जुना पासपोर्ट उघडला, फोटोकडे पाहिलं, मग माझ्या माथ्याकडे पाहिलं. "त्यावर केस होते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी ताठ मानेने बाहेर आलो. मान सोडून ताठ ठेवण्यासारखं तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

आता इथे माझ्या पोटापाण्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. मी बाटल्यांची बुचं करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख आहे. इमारतीत मला बूचवाले म्हणतात, तोंडावरसुद्धा. आमच्याकडे पट्ट्यावरून बुचं पळत असतात, वरून कॅमेरा फोटो काढतो आणि संगणकातला प्रोग्राम प्रत्येक बुचाची कड शोधून त्याची लांबी, रुंदी, क्षेत्रफळ आणि परीघ काढतो. त्यावरून गोलाई ठरते. चोख वर्तुळाची गोलाई एक. जितकं वेडंवाकडं, तितकी ती एकाच्या खाली. कमी पडली की हवेचा फवारा येतो आणि बूच खालच्या पेटीत. तो प्रोग्राम मूळ लिहिला दुसऱ्यांनी, पण इतकी वर्षं त्याच्या नाड्या मीच पाहत आलो आहे. जो माणूस दिवसाकाठी पोत्यांनी बुचांचा आकार मोजतो, त्याला स्वतःचं एक डोकं मोजता येऊ नये, ही मला विभागाची बेअब्रू वाटली. म्हटलं, आपणच मोजू. मशीनला काय खुपतंय ते शोधू, तसा फोटो काढू, विषय संपला.

प्रोग्रामची प्रत मी घरच्या संगणकावर चढवली आणि मोठ्या विश्वासाने माझा फोटो आत ढकलला. उत्तर लगेच आलं: "नग सापडला: एक. आकार: चौकोनी. मध्ये चार भोकं. बाद."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्याच प्रोग्रामने मला चौकोनी ठरवावं आणि वर मध्ये भोकं दाखवावीत? हीसुद्धा येऊन पडद्याकडे बघत उभी राहिली. नंतर माझ्या ध्यानात आलं, की आमचा पट्टा काळा आणि बुचं पांढरी. त्यामुळे पांढरं दिसेल ते बूच, काळं दिसेल तो पट्टा, एवढीच त्या प्रोग्रामची समज. पासपोर्टच्या फोटोत भिंत पांढरी. त्याने भिंतीलाच बूच समजून मोजलं होतं, आणि मी म्हणजे त्या बुचाला पडलेली भोकं.

ते उलटवणं सोपं होतं. एक ओळ बदलली: यापुढे गडद ते खरं, पांढरं ते मागचं. पण नुसतं माझं डोकं मोजून भागणार नव्हतं. सरकारी मशीनला कोणतं प्रमाण पसंत आहे तेही कळायला हवं होतं. त्याला एकच उपाय. ज्यांची डोकी पास झाली आहेत अशी माणसं शोधायची आणि त्यांच्या फोटोंची मोजमापं घ्यायची. शास्त्रीय पद्धत होती. मी इमारतीच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये निरोप टाकला, की ज्यांचे पासपोर्ट नुकते झाले आहेत त्यांनी कृपया तो फोटो मला पाठवावा, डोक्याचा आकार मोजायचा आहे. हा निरोप टाकताना माझ्या मनात काडीचाही संशय आला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

फोटो भराभर आले. आमच्या इमारतीत देणगी मागितली की सगळ्यांची दारं बंद असतात, पण स्वतःचा फोटो मागा, माणूस तिसऱ्या मजल्यावरून धावत येतो. मी सगळे प्रोग्राममध्ये घातले. या वेळी डोकी नीट सापडली. प्रत्येकाभोवती सुबक हिरवी रेघ, बाजूला उंची, रुंदी, गोलाई. मला इतका आनंद झाला, की सगळा निकाल मी आभार मानून जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. प्रोग्रामला बुचांची सवय असल्यामुळे त्याने तो उतरत्या क्रमाने लावलेला होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पहिली बेल वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून माणसाकडे बघताना ते त्याचा गृहपाठ झाला आहे का तेच बघतात.

"शून्य पूर्णांक एकसष्ट," ते दारातूनच म्हणाले. "म्हणजे एकसष्ट टक्के. आणि त्या विमेवाल्याला चौऱ्याऐंशी?"

"सर, हे गुण नाहीत. ही फक्त गोलाई आहे. तुमचे कान जरा बाहेर आहेत, त्यामुळे परीघ वाढतो आणि क्षेत्रफळ आहे तेवढंच राहतं. मग भागाकार कमी येतो."

"कानांचे गुण कापलेत?"

"कापले नाहीत सर, कान मोजलेत."

"मी हयातभर दुसऱ्यांना गुण दिले, बूचवाले. पेपर तपासणं म्हणजे काय ते तुम्ही मला सांगू नका. माझी फेरतपासणी झाली पाहिजे." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी नवा फोटो पाठवला. त्यात दोन्ही कान मागून चिकटपट्टीने डोक्याला घट्ट दाबलेले होते आणि डोळे ताणामुळे थोडे वर गेले होते. एकोणऐंशी आले. त्यांनी ते ग्रुपवर जाहीर केलं.

पण तो नुसता आरंभ होता. विमेवाले, जे आजवर जिन्यात दिसले की पॉलिसीचा विषय काढतात म्हणून आम्ही लिफ्टने पळायचो, ते आता मान थोडी वर करून जिन्यानेच फिरायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंना नवऱ्यापेक्षा जास्त मिळाले, तर तो नवरा माझ्याशी बोलेनासा झाला. दुसऱ्या एकांनी विचारलं, मुलाचं लग्नाचं बघतोय, मुलीकडच्यांना हा आकडा कळवावा का. मी हात जोडले. आणि सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांचा नंबर खालून पहिला होता, त्यांनी खाली फलकावर नोटीस लावली: "इमारतीत विनापरवानगी डोक्यांची मोजणी सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर मोजणी त्वरित थांबवावी." खाली सही, शिक्का.

नोटीस लावून ते लिफ्टने थेट आमच्याकडे आले, आत येऊन दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "माझ्या फोटोत मी मान वाकडी धरली होती. सरळ धरून काढला तर किती वाढतील?"

या सगळ्या गदारोळात मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि ते पाहून मला चक्कर यायची बाकी होती. एकसष्टवाले हेडमास्तर पास. चौऱ्याऐंशीवाले विमेवाले पास. वाकड्या मानेचे सेक्रेटरीसुद्धा पास. याचा अर्थ सरकारी मशीनला गोलाईशी काही देणंघेणं नव्हतं. उंची-रुंदीही कुणाची कशीही होती. त्याला डोकं फक्त सापडायला हवं होतं. सगळ्या इमारतीचं सापडलं होतं.

मग मी माझा फोटो त्या सुधारलेल्या प्रोग्राममध्ये घातला. हे मी इतका वेळ का टाळत होतो, ते मला तेव्हा कळलं.

"नग सापडले: चार," प्रोग्राम म्हणाला. मी रेघा पाहिल्या. पहिला नग डावी भुवई. दुसरा उजवी भुवई. तिसरा चष्म्याची चौकट. चौथा मिशी, लांबी रुंदीच्या सहापट, कडा बऱ्यापैकी नीट. बाकी काही नाही. मुळात मी गोरा, स्टुडिओतला फ्लॅश भरभक्कम, टक्कल चकचकीत, शर्ट पांढरा आणि भिंतही पांढरी. माथा, गाल, कान, हनुवटी, सगळं त्या भिंतीत मिसळून गेलं होतं. भिंतीवर कुणीतरी मिशी टांगून ठेवावी तसा मी दिसत होतो.

हिने खांद्यावर हात ठेवला. "मिशी चांगली आली आहे," ती म्हणाली. तिचा हेतू चांगला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, झालं का पासपोर्टचं?"

"होतंय. थोडी तांत्रिक बाब आहे."

"कसली तांत्रिक?"

"रेघेची," मी म्हणालो. "तू काळजी करू नको."

"मला खूप भीती वाटते बाबा. दिवसा नाही वाटत एवढी. एकटी बसले की वाटते."

मी म्हणालो, मी येतोय. फोन ठेवल्यावर माझा आवाज मलाच खोटा वाटला आणि मला रडू आलं, ते मी चष्मा पुसण्यात घालवलं.

माझं डोकं भिंतीत मिसळतं ही बातमी ग्रुपवर कशी गेली ते मला माहीत नाही. हिने सेक्रेटरींच्या बायकोला सांगितलं असावं. पण त्यानंतर सल्ल्यांना ऊत आला. हेडमास्तर म्हणाले, चकाकी मारायची तर पावडर लावा. लावली, तर डोकं भिंतीहून पांढरं झालं आणि प्रोग्रामला मिशीसुद्धा फिकट दिसायला लागली. विमेवाले म्हणाले, तेल लावा, रंग गडद होतो. तेलाने माथ्यावर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं. प्रोग्रामने ते अगदी बरोबर टिपलं: "मध्ये एक गोल भोक." पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी भुवयांची पेन्सिल आणून दिली, की कानापासून कानापर्यंत डोक्याच्या कडेने रेघच ओढा, मग मशीनला वेगळी काढायला नको. हिने ओढली. मी आरशात पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. माझं डोकं झाकण लावलेल्या बरणीसारखं दिसत होतं.

शेवटी ज्याची मला भीती होती तो सल्ला सेक्रेटरींनी दिला. त्यांचे मेहुणे नाटकांना कपडे आणि केस भाड्याने देतात. दुसऱ्या दिवशी एक डबा घरी आला, त्यात टोप. कोणत्या भूमिकेचा होता कोण जाणे, पण केस कपाळावर झेपावलेले, मागे मानेपर्यंत कुरळे. मी तो घातला, फोटो काढला, प्रोग्रामला दाखवला. "नग सापडला: एक. गोलाई शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. पास." इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याभोवती हिरवी रेघ आली. मला त्या टोपाविषयी प्रेम वाटलं.

मी फोटो घेऊन खिडकीवर गेलो. बाईंनी मशीनला दाखवला. मशीनला पसंत पडला. मग बाईंनी फोटोकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. टोप घालूनच गेलो होतो, तेवढी अक्कल मला होती.

"हे काढा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डोक्यावरचं. कृत्रिम आच्छादन चालत नाही."

मागे रांगेत गच्च माणसं. एक म्हातारा तर खुर्चीवरून उठून बघायला आला. मी टोप काढला. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. एका बाईने आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"बिनकेसांचा आणा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. आवाज या वेळी जरा मऊ होता, आणि ते तर मला मुळीच सहन झालं नाही.

घरी येऊन मी हिला सांगितलं, "तू एकटी जा."

"गप्प बसा," ती म्हणाली.

विमेवाल्यांचा शेवटचा उपाय उरला होता: गच्चीवर उन्हात बसा, कातडी रापेल, भिंतीपासून वेगळी दिसेल. शनिवार तोंडावर आला होता, तेवढ्यात किती रापणार होतो देव जाणे, पण घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पांढरा चुना दिलेला आहे. तिला पाठ लावून मी खुर्ची टाकली आणि मोबाईल समोरच्या स्टुलावर उभा केला. डोकं तासातासाला किती गडद होतं ते बघायचं ठरवलं होतं. पहिला फोटो काढला. नेहमीप्रमाणे मिशी.

ही मला पाणी द्यायला वर आली. उन्हाचा तडाखा म्हणून तिने आपली काळी छत्री उघडली होती. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डोकं भाजून घेऊ नका, त्याच्यावर आधीच काय कमी झालंय?" आणि छत्री माझ्यावर धरली. तेवढ्यात मोबाईलने ठरवलेल्या वेळी पुढचा फोटो काढला.

फोटोत डोकं होतं. टाकीची भिंत उन्हात लखलखीत पांढरी आणि त्यापुढे छत्रीच्या सावलीत माझं डोकं, माथा, कान, हनुवटी, सगळं सावळं आणि स्वच्छ. छत्री चौकटीच्या वर, फोटोत तिचा पत्ता नाही. मी धडपडत खाली गेलो, फोटो संगणकात टाकला. "नग सापडला: एक. पास." मी हिला ओरडून सांगितलं, की सापडलं. ती शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ते आहे म्हणून."

तसेच आम्ही दोघं खिडकीवर. बाईंनी फोटो मशीनला दाखवला. हिरवी खूण आली. मी भिंतीला टेकलो. मग बाईंनी फोटो हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोटोतला माणूस सावळा आहे. डोळे सावलीत. चेहरा... काही तरी करून आलेल्या माणसासारखा. तुम्ही गोरे आहात. तुम्ही परवा केसांचे होतात. मशीन काही म्हणो, माझी खात्री पटली पाहिजे, तसा नियम आहे."

"अहो, हेच ते आहेत," ही पुढे झाली. "मी बायको आहे. माझ्यापेक्षा जास्त कुणी पाहिलंय हे डोकं?"

"पती-पत्नीची एकमेकांविषयी साक्ष चालत नाही. रक्ताचं नातं लागतं. आईवडील, भावंडं किंवा मूल."

"आईवडील गेले," मी म्हणालो. "भावंड नाही. मूल एकच, ते परदेशात आहे. तिच्याकडे जायलाच मला पासपोर्ट पाहिजे."

"मग तिला बोलवा."

"ती येऊ शकत नाही हो, तिचे दिवस भरलेत."

"मग तुम्ही जा," बाई सवयीने म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पुन्हा फोटोकडे बघायला लागल्या. शनिवारी ही विमानात बसेल आणि मी खाली हात हलवत उभा असेन, हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात हिच्या पर्समधला मोबाईल वाजला. जावयाचा निरोप. ठरल्या तारखेच्या आधीच, मुलगी, दोघी सुखरूप. सोबत फोटो.

मी फोटो पाहिला. राखाडी पांघरुणात एक गोरं, गोल, संपूर्ण टक्कल असलेलं डोकं होतं. कान किंचित बाहेर. भुवयांच्या मध्ये आठी, थेट माझी, खिडकीवर उभं असतानाची. आम्ही पोहोचायच्या आतच ती आली होती. माझ्या लेकीला जेव्हा धीर हवा होता तेव्हा मी टाकीला पाठ लावून बसलो होतो. ही रडत होती आणि हसतही होती.

"बघू," खिडकीतून आवाज आला.

हिने मोबाईल काचेखालच्या फटीतून आत सरकवला. बाईंनी तो माझ्या फोटोशेजारी ठेवला. एकदा त्या डोक्याकडे, एकदा या डोक्याकडे, मग माझ्याकडे. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा बारकाईने त्यांनी पाहिलं.

"नात?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी अर्जावर लिहिलं, "रक्ताच्या नात्याने ओळख पटली." आणि शिक्का मारला. "पासपोर्ट उद्या इथूनच घेऊन जा," त्या म्हणाल्या. मोबाईल परत देताना त्यांनी फोटोकडे आणखी एकदा पाहिलं.

बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन. आम्ही पायऱ्या उतरतोय तोवर लेकीचाच फोन आला. मी "अभिनंदन" म्हणायच्या आत ती हुंदके द्यायला लागली.

"बाबा, ते म्हणतात तिला डोकं नाही."

"कोण म्हणतं?"

"इथे हॉस्पिटलात जन्माची नोंद करायला मशीन बाळाचा फोटो काढतं. तीनदा काढला. मशीन म्हणतं डोक्याची कड सापडत नाही. नर्स म्हणते पुन्हा बघू, पण तिचा चेहरा उतरलाय. डॉक्टर अजून आले नाहीत. काही झालं नसेल ना हो तिला? डोक्याला काही?"

असा धक्का मला त्या सगळ्या दिवसांत बसला नव्हता. आणि गंमत म्हणजे मी घाबरलो नाही. पायरीवर बसलो.

"आधी रडू थांबव आणि मला सांग," मी म्हणालो. "बाळ कशावर ठेवलंय?"

"चादरीवर."

"पांढरी?"

"हो."

"वर दिवा?"

"मोठा आहे. डोळे दिपतात."

"तिच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेव. डोकं गोरं, चादर गोरी, वर दिवा. मशीनला दोघांतला फरक कळत नाही, एवढंच. ते मशीन बावळट आहे, बाळ नाही. आता नर्सला सांग, दिवा आणि डोकं यांच्या मधे काहीतरी धरायला. फाईल, ट्रे, काहीही. सावली फक्त डोक्यावर पडली पाहिजे, चादरीवर नाही. आणि वस्तू फोटोत येऊ देऊ नको."

पलीकडे कुजबुज ऐकू आली, कुणीतरी काहीतरी हलवलं. मी कानाला मोबाईल दाबून बसलो. समोरून माणसं जात होती, एकाने माझ्याकडे वळून पाहिलं. मग एक बारीक टिंग ऐकू आलं.

"सापडलं," लेक म्हणाली. आणि खूप लांब श्वास सोडला. "बाबा, सापडलं. तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

हिने माझ्या हातातून मोबाईल घेतला. "फोटो झाला ना? मग आता तिला आधी टोपी घाल, गार वाटत असेल तिला. आणि तू झोप. आम्ही शनिवारी निघतोय, दोघंही." मग तिच्या सूचना सुरू झाल्या, पाणी किती प्यायचं, उशी कशी ठेवायची, एकामागून एक. आणि तसं बोलता बोलताच, माझ्याकडे न बघता, तिने दुसऱ्या हाताने छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली.